आमची वाटचाल : तिफणीपासून दट्ट्यांच्या पेटीपर्यंत

वडील बाभळीच्या तिफणी करायचे. ट्रॅक्टर आले आणि ते काम संपलं. मी लातूरला येऊन दारं-खिडक्या करू लागलो. एकदा बालवाडीच्या बाई पोरांच्या शिकायच्या पेटीतला, भोकात बसवायचा एक लाकडी दट्टा घेऊन आल्या. "भाऊ, याच्या शेजारचा हरवलाय. करून द्या."

दोनदा केला, दोनदा परत आला. सैल म्हणे. एवढ्याशा लाकडासाठी काय हे, असं वाटलं. मग त्यांनी समजावलं. पेटीला 10 भोकं, 10 दट्टे, प्रत्येकाचं माप वेगळं. एक चुकीच्या भोकात गेला की शेवटचा हातात उरतो, आणि पोरगं स्वतःच सगळे काढून पुन्हा लावतं. दट्टा सैल असला तर चूक कळणारच नाही. दट्ट्याची खुंटी तीन बोटांत धरायची, पुढं पेन्सिल धरतात तशीच. त्या दिवशी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर विकत आणला. आजही तोच वापरतो, कुणाला हात लावू देत नाही.

बाई बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांचं फार सांगायच्या. 1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं केंद्र काढलं, आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंवर पोरं शिकवली. म्हणजे चिंचोके चालत असतील तर माझा धंदा कशाला! (तीन वर्षांच्या आतल्या पोराजवळ मात्र चिंचोके ठेवू नका. नाकात घालतात, नरड्यात अडकतात.)

मग एका संस्थेकडून 40 संचांची ऑर्डर आली. मे महिन्यात माल दिला, ऑगस्टमध्ये सगळा अडकला. दट्ट्याच्या लाकडाची रेषा उभी, पेटीच्या लाकडाची आडवी. पावसाळ्यात दट्टा चहूबाजूंनी फुगला, भोक पेटीच्या लांबीत तेवढंच राहिलं. सुताराच्या पोराला हे कळायला हवं होतं. पण वखारवाल्यानंही लाकूड वाळलंय म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

माझ्याच लेथवर तीन वर्षं शिकलेला एक जण प्लास्टिकचे संच घेऊन त्या संस्थेत पोचला. सगळे दट्टे सगळ्या भोकांत जातात, वर दाबलं की गाणं वाजतं. ऑर्डर त्याची झाली. चहाला कधी नाही म्हणालो नव्हतो त्याला. मी लेथ विकायला काढला होता. बाईंनी अडकलेली पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि आणखी तीन पेट्यांचे पैसे मोजले. "पावसाळ्यात करा आता," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून ठोकळा वर्षभर माळ्यावर पडून राहतो, मगच लेथवर चढतो. 2020 साली बालवाड्या बंद पडल्या तेव्हा पोळपाट-लाटणी केली, जमलं.

आईबापांनो, पोरगं पेटी लावत असताना "इथं नाही, तिथं" म्हणू नका. हात पाठीमागं बांधा आणि बघा.

बाई निवृत्त झाल्या. नव्या संचातली पहिली पेटी अजून त्यांच्याकडंच जाते. मागच्या महिन्यात एक दट्टा परत आला. बरोबर होतं त्यांचं, पण मी अजून कबूल केलेलं नाही.