डोमेन गेले, त्यामागोमाग मेलही

"साहेब, आमच्या साइटवर जुगार दिसायलाय," असा फोन शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी केला, तेव्हा साइट हॅक झाली असावी असे त्यांना वाटत होते. मी डोमेनची, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाची, नोंद पाहिली, तर 'निर्मिती दिनांक' अगदी अलीकडचा निघाला. म्हणजे नाव चोरीला गेले नव्हते; मुदत संपून ते सुटले होते आणि दुसऱ्या कोणीतरी रीतसर विकत घेतले होते.

'.कॉम' नाव एका रात्रीत हातचे जात नाही. मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार (अशी नावे विकणाऱ्या कंपन्या) काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. नंतरचे ३० दिवस जबर शुल्क भरून ते सोडवता येते, आणि शेवटच्या ५ दिवसांत मात्र कोणालाच काही करता येत नाही. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार स्मरणपत्रेही जातात. ती गेलीही होती, पण साइट बनवणाऱ्या आणि नाव स्वतःच्याच खात्यावर घेऊन ठेवणाऱ्या जुन्या डिझायनरच्या पत्त्यावर. मधल्या काळात कंपनीची मेल बंद पडली, तेव्हा अकाउंटंटने सर्व्हरचा बिघाड समजून जीमेलवर काम भागवले.

मालकांचा जीव साइटवर होता, मला मात्र धास्ती मेलची होती. नवा मालक त्या नावावर मेल सुरू करू शकत होता, आणि बँक, जीएसटी, आइसगेट (कस्टम्सचे पोर्टल) अशा सगळ्या खात्यांवर जुनाच पत्ता असल्याने पासवर्ड बदलण्याची लिंक थेट त्याच्याकडे गेली असती. चलनाच्या कोऱ्या पाठीवर यादी करून आम्ही बँकेपासून एकेक पत्ता बदलत गेलो.

अवघड गेले ते परदेशी ग्राहकांना कळवणे. "आमचा मेल पत्ता बदलला आहे" हे वाक्य पैसे लुबाडणारे भामटेही असेच लिहितात, त्यामुळे जर्मनीतल्या एका खरेदीदाराने आमच्या मेलवर विश्वास ठेवला नाही, आणि मला त्याचे वागणे योग्यच वाटले. अखेर मालकांनी व्हिडिओ कॉल करून बँक खाते तेच असल्याची खात्री पटवली.

नाव परत मिळवण्यासाठी यूडीआरपी या आयकॅनच्या डोमेन-वाद धोरणाखाली तक्रार करता येते. तिथे ट्रेडमार्कवरचा हक्क, समोरच्याचा वैध संबंध नसणे आणि त्याचा वाईट हेतू या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. असे वाद हाताळणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासाठीचे शुल्कच १५०० डॉलर आहे. इथे आडनाव आणि पुढे 'इंडस्ट्रीज', एवढेच नाव, तेही ट्रेडमार्क म्हणून न नोंदवलेले. मी तो नाद सोडायला सांगितले.

नवे '.इन' नाव कंपनीच्याच खात्यावर १० वर्षांसाठी घेतले. त्या खात्याला मेल मात्र मुद्दाम वेगळ्या पत्त्याची दिली, कारण नावच बंद पडले तर त्याच नावाच्या मेलवर येणारी सूचना कोणालाच मिळाली नसती.