ओव्हनच्या आधी हात

रिपोर्ट सहीसाठी टेबलावर आला होता, भराव टाकायच्या रस्त्याखालची माती, तीन मीटर खोलीचा नमुना, वर्णन काळी मऊ चिकणमाती, वर्गीकरण सीएच, म्हणजे जास्त प्लास्टिक अशी साधी चिकणमाती. सही करणारच होते, पण एक आकडा डोळ्यात खुपला. नैसर्गिक मॉइश्चर १३१ टक्के आणि लिक्विड लिमिट, म्हणजे जेवढ्या पाण्याला माती वाहायला लागते ती टक्केवारी, ७८. म्हणजे लिक्विड लिमिटपेक्षा पाणी एवढं जास्त, मग माती ट्यूबमधून काढल्यावर पसरायला हवी, आणि हा नमुना तर ट्रेमध्ये छान उभा होता, मी स्वतः बघितलेला.

लॅबमधल्या मुलाला विचारलं, लिक्विड लिमिटला माती कशी घेतली? म्हणाला, मॅडम, नेहमीसारखी, ओव्हनमध्ये रात्रभर वाळवून, कुटून, चाळून. तिथेच कळलं. सेंद्रिय माती एकदा ओव्हनमध्ये गेली की तिच्यातला सेंद्रिय भाग आकसतो आणि नंतर पाणी घातलं तरी पूर्वीसारखं धरत नाही, मग लिक्विड लिमिट खाली येते आणि कागदावर ती साधी चिकणमाती दिसते. उरलेला ओला तुकडा नाकाशी धरला तर कुजल्यासारखा वास. न वाळवता टेस्ट केली, लिक्विड लिमिट आली १४२. ७८ भागिले १४२ म्हणजे ०.५५, आणि माती वर्गीकरणाच्या एएसटीएम डी२४८७ या अमेरिकन मानकाप्रमाणे हे गुणोत्तर ०.७५ च्या खाली असलं की माती सेंद्रिय धरायची. म्हणजे सीएच नाहीच, ओएच, सेंद्रिय चिकणमाती.

मग साडेचार मीटर खोलीची ट्यूब उघडली आणि ती तर वेगळीच चीज निघाली, तपकिरी, हलकी, तंतू दिसणारी, म्हणजे पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती. मुठीत घेऊन पिळली. फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाची पीट किती कुजलंय ते सांगणारी एच१ ते एच१० अशी स्केल आहे, एच१ ला स्वच्छ पाणी निघतं आणि एच१० ला सगळं पीटच बोटांमधून बाहेर येतं. इथे साधारण एक तृतीयांश बाहेर आलं, एच६. हे काम हातानेच करायचं असतं आणि मला ते फार आवडतं, दहा सेकंदात माती किती कुजलीय ते सांगते.

मुलगा मॉइश्चरचा आकडा घेऊन आला, ४८० टक्के, चेहरा पडलेला, वाटलं वजनात चूक झाली. त्याला बसवून सांगितलं, आपण पाणी कोरड्या वजनाने भागतो ना, एक ग्रॅम घन भागाला ४.८ ग्रॅम पाणी, पीटमध्ये हे चालतं. मग मफल फर्नेसमध्ये ४४० डिग्रीला जाळलं, राख उरली १८ टक्के. २५ च्या खाली म्हणजे खरंच पीट, १५ च्या वर म्हणजे हाय ॲश. ०.१५ मिमीच्या चाळणीवर धुऊन तंतू ४१ टक्के, ३३ ते ६७ मध्ये म्हणून हेमिक, म्हणजे मध्यम कुजलेलं. वरच्या, तीन मीटर खोलीच्या नमुन्यात राख ६९ टक्के उरली होती, त्यामुळे तो पीट नव्हे, सेंद्रिय चिकणमातीच.

डिझायनरला फोन केला तर ते म्हणाले, मग सगळंच पीट लिहून टाका ना, सेफ साइडला. मी नाही म्हटलं. पीट भराव टाकल्यावर आधी झटकन बसतं आणि नंतर पाणी निघून गेल्यावरही वर्षानुवर्षं हळूहळू बसत राहतं, सेकंडरी कॉम्प्रेशन, साध्या चिकणमातीपेक्षा बरंच जास्त, आणि वरच्या थराचं वागणं तसं नाही. दोघांना एकच नाव दिलं तर सेटलमेंटचा, म्हणजे जमीन किती बसेल याचा हिशोब दोन्हीकडे चुकतो आणि प्रीलोड, म्हणजे जमीन आधीच बसवून घ्यायला टाकलेला भार, किती दिवस ठेवायचा तेही. थोडं वाजलं आमचं, पण शेवटी त्यांनी दोन थर वेगळे धरले.

उरलेल्या सगळ्या ट्यूब ओल्याच ठेवून परत टेस्ट केल्या, चार दिवस गेले. एक नमुना मात्र पूर्ण वाळवून कुटून झाला होता, ओला तुकडा शिल्लकच नव्हता. त्याच्या रकान्यात मी लिहिलं, नमुना आधीच वाळवलेला, वर्गीकरण दिलेलं नाही, त्या खोलीवर नवीन बोअर घ्यावं.