दुसरी बुंडेसलीगा: २०२३-२४ चा हंगाम, स्टँडमधून

जर्मनीत आलेला आपला माणूस फुटबॉल बघायचं ठरवतो तेव्हा आधी म्युनिक आणि डॉर्टमुंडची तिकिटं शोधतो. ती सहसा मिळत नाहीत. मी हॅम्बुर्गमध्ये राहून २०२३-२४ चा हंगाम दुसऱ्या बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मन फुटबॉलमधल्या दुसऱ्या पायरीच्या लीगच्या, मागे फिरलो. इथल्या लोकांचं फुटबॉलशी नातं काय आहे ते बघायचं असेल, तर सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

त्या वर्षी खालच्या लीगमध्ये कोण होतं बघा: शाल्के, हॅम्बुर्ग, हेर्टा बर्लिन, न्यूर्नबर्ग, कायझर्सलाउटर्न, हानोव्हर. प्रत्येकाने कधी ना कधी जर्मनीचं विजेतेपद मिळवलेलं. संघ उतरला, पण लोक काही उतरले नाहीत. शाल्केचं ६२ हजारांचं मैदान या लीगमध्येही भरतं. गेल्झेनकिर्शेन स्टेशनवरून ३०२ नंबरची ट्राम पकडा आणि सामन्याच्या दोन तास आधी निघा, कारण नंतर ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नसते.

ड्युसेलडॉर्फला मुद्दाम ऑक्टोबरात गेलो. तिथल्या फोर्टुना या क्लबने त्या हंगामात काही सामन्यांची तिकिटं सगळ्यांना फुकट द्यायचा प्रयोग केला. पहिला सामना २१ ऑक्टोबरला, कायझर्सलाउटर्नविरुद्ध. एक लाखाहून जास्त अर्ज आले होते, तिकिटं सोडतीने दिली. अर्ध्या तासातच फोर्टुना ०-३ मागे. शेवटी ४-३ जिंकले! माझ्या पुढच्या रांगेत बहुधा पहिल्यांदाच मैदानावर आलेली दोन लहान मुलं होती. त्यांना आता दुसरा कुठला क्लब आवडणं शक्य नाही.

पण हंगाम खरा लक्षात राहिला तो बर्लिनमुळे. १६ जानेवारीला हेर्टाचे अध्यक्ष काय बेर्नश्टाइन अचानक गेले, वयाच्या ४३ व्या वर्षी. तरुणपणी ते याच क्लबच्या अल्ट्रा, म्हणजे कट्टर आणि संघटित, समर्थकांत, स्टँडसमोर उभं राहून घोषणा देणारे होते. तिथून सभासदांच्या मतांवर अध्यक्ष झाले. ‘५०+१’ या नियमामुळे क्लबमधली बहुमताची सत्ता सभासदांकडे राहते, म्हणून असा माणूस तिथवर पोचू शकतो. त्याच हिवाळ्यात लीगच्या प्रसारण व्यवसायातला सुमारे ८ टक्के हिस्सा २० वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचं घाटत होतं. डिसेंबरात दोन्ही बुंडेसलीगांच्या ३६ पैकी २४ क्लबांनी होकार दिला आणि मैदानांवर प्रेक्षकांनी निषेध म्हणून फेकलेले टेनिसचे चेंडू पडू लागले. ३ फेब्रुवारीच्या हेर्टा-हॅम्बुर्ग सामन्यात खेळ अर्ध्या तासाहून जास्त थांबला. थंडी मरणाची, तरी आजूबाजूचं कोणी उठून गेलं नाही. २१ फेब्रुवारीला लीगने तो व्यवहार सोडून दिला. प्रेक्षकांनी एकजुटीने असा निर्णय फिरवलेला मी आयुष्यात प्रथमच पाहिला, आणि त्याचा मला आजही मनापासून आनंद आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने बर्लिनच निवडावं. हेर्टाचं ऑलिम्पिक मैदान ७४ हजारांचं असल्याने तिकीट जवळजवळ नेहमी मिळतं, एस-बान (लोकल) आणि यू-बान (मेट्रो) दोन्ही दारात पोचवतात. थोडं आधी जाऊन परिसर फिरा. याच ऑलिम्पिक संकुलात १५ ऑगस्ट १९३६ ला ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ ने हरवलं होतं.

हॅम्बुर्गच्याच सांक्ट पाउली क्लबचं मिलर्नटोर मात्र अवघड. मैदान साडेएकोणतीस हजारांचं, तिकिटं आधी सभासदांना. त्या वर्षी तर फाबियान ह्युर्त्सेलर या तिशीतल्या प्रशिक्षकाने संघाला विजेतेपद मिळवून दिलं. दुसऱ्या क्रमांकावर कील, श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातून पहिल्या बुंडेसलीगात गेलेला पहिला क्लब. तिथलं मैदान आणखी लहान, पण बंदरावर फिरायला म्हणूनही गाव छान आहे. फोर्टुना तिसरी आली. वरच्या लीगमध्ये तळातून तिसऱ्या आलेल्या बोखुमशी प्लेऑफ झाला; त्यांच्या घरी ३-० जिंकून, परतीच्या सामन्यात घरी ०-३ हरून, शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये हरली. त्या रात्रीबद्दल जास्त लिहवत नाही.

तिकीट काढताना उभं राहायचा स्टँड मागा. स्वस्त असतो आणि गाणी तिथेच असतात. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचा स्कार्फ घालू नका, अल्ट्रांचे जवळून फोटो काढू नका. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. बऱ्याच शहरांत सामन्याच्या तिकिटावरच लोकल प्रवास होतो, तिकिटावर बघून घ्या. पेल्याचे अनामत पैसे पेला परत केल्यावर मिळतात. शाकाहारी असाल तर ब्रेत्झेल (पिळाचा खारा पाव) आणि फ्राइज बहुतेक ठिकाणी मिळतात.

देशभरच्या लोकल आणि रिजनल गाड्यांना चालणारं महिन्याचं डॉइचलांड-टिकीट तेव्हा ४९ युरोंना होतं, आता महागलंय, तरी परवडतं. फक्त आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. सामन्याची नेमकी तारीख आणि वेळ फक्त काही आठवडे आधी ठरते, त्याआधी हॉटेलचं बुकिंग करायचंच असेल तर रद्द करता येईल असंच करा. शनिवारी रात्री साडेआठचा सामना असेल तर परतीची रिजनल गाडी मिळेल या भरवशावर राहू नका, त्याच गावात मुक्काम ठेवा.