ठिबकच्या लॅबमधून विधानसभेच्या मैदानात

जळगावच्या एका खासगी कंपनीच्या संशोधन विभागात मी बरीच वर्षं ठिबक सिंचनावर काम केलं. तासाला चार लिटरचा ड्रीपर, म्हणजे नळीवरचं थेंब थेंब पाणी सोडणारं तोंड, शेवटच्या झाडापाशीही तेवढंच पाणी देतो का, क्षाराने तो किती दिवसांत बुजतो, हे मोजायचं, नोंदवायचं आणि पुन्हा मोजायचं. दर उन्हाळ्यात एक गोष्ट जास्तच टोचायची. आमचे ड्रीपर सुधारत होते आणि यावल-रावेरकडच्या बोअरवेल खोल खोल जात होत्या. पाणी वाचवायचं तंत्र आमच्याकडे होतं, पण भूजल किती उपसायचं, सातपुड्याच्या पायथ्याशी पुनर्भरणाची, म्हणजे पाणी पुन्हा जमिनीत मुरवायची कामं कधी घ्यायची, त्याला पैसा किती, हे ठरतं विधिमंडळात. तिथे पाण्याचे आकडे वाचता येणारी माणसं हवीत, असं मला मनापासून वाटतं. म्हणून २०२४ च्या विधानसभेला अपक्ष उभी राहिले.

खासगी नोकरी करताना निवडणूक लढवायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण येते ती सरकारी लाभाच्या पदाची. तरी मी राजीनामा दिला. ठिबकला सरकारी अनुदान आहे, आणि उद्या सभागृहात त्यावर बोलायचं तर आपण कोणाच्या पगारावर नसावं, एवढं मला स्पष्ट होतं. सासूबाईंनी एकच विचारलं, "पडलीस तर गं?" मी त्यांना ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं सांगितलं. त्या मुळात रसायनशास्त्रज्ञ. लायन्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीत संशोधनाचं काम करतानाच १९५० आणि १९५१ मध्ये डार्टफर्डमधून उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा पडल्या. संसदेत पोचल्या १९५९ मध्ये, फिंचलीतून. त्यांचं राजकारण मला पटतं असं नाही, पण प्रयोगशाळेतून निघालेली बाई दोनदा हरूनही टिकली, याने मला बळ दिलं. सासूबाई म्हणाल्या, "मग भर फॉर्म."

अर्ज भरायची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर, आणि शेवटचा दिवस नेमका धनत्रयोदशीचा. त्या दिवशी बँकेत आणि बाजारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून निवडणुकीचं स्वतंत्र बँक खातं आधीच उघडून घेतलं. ते अर्जाच्या किमान एक दिवस आधी हवंच. अनामत दहा हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच.

खरा वेळ घेतला तो नमुना २६ च्या शपथपत्राने. पाच वर्षांची आयकर विवरणपत्रातली मिळकत, स्वतःची आणि पतीची मालमत्ता, कर्जं, खटले, सरकारशी असलेली कंत्राटं, शिक्षण, सगळं त्यात येतं. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. कोरा रकाना सूचना देऊनही भरला नाही तर अर्ज बाद करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय. माझ्यापुढे प्रश्न होता पेटंटचा. एका ड्रीपरच्या पेटंटवर संशोधक म्हणून माझं नाव आहे, पण हक्क कंपनीचे. वकिलांशी बसून हस्तांतराचा करार काढला, वाचला. माझा आर्थिक हक्क शून्य, म्हणून मालमत्तेत ते धरलं नाही. संशोधनातून येणाऱ्या प्रत्येकाने हा कागद आधी शोधून ठेवावा.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि तेही त्याच मतदारसंघाचे मतदार. प्रत्येकाचा मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बिनचूक हवा. माझ्या यादीत केळीबागायतदार होते, एक अंगणवाडी सेविका होत्या, एक पंपदुरुस्तीवाले काका होते. काकांनी स्वतःचा क्रमांक मोबाईलवर तपासून सही करताना मान वर न करता म्हटलं, "ताई, पाण्याचंच बोलजो, बाकी सोड." हे वाक्य पुढे प्रचारभर माझ्या कानात राहिलं.

छाननी ३० तारखेला झाली, माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, आणि मला कपबशी चिन्ह मिळालं.

प्रचाराबद्दल सगळे विचारतात, पण मला सांगावंसं वाटतं ते खर्चाच्या नोंदवहीबद्दल. तिची पांढरी पानं रोजच्या हिशेबाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. मर्यादा चाळीस लाख. माझा खर्च तिच्या आसपासही नव्हता, पण नोंद तेवढीच कडक. चहा, खुर्ची, मंडप, रिक्षावरचा भोंगा, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक कार्यालयाने ठरवून दिलेले असतात. एका गावात एका समर्थकाने शेतात भरीत-पुरीचा बेत केला. काड्यांवर भाजलेली वांगी, मिरची-लसूण कुटण्याचा आवाज, माणसं जमलेली. भरीत त्यांचं, वांगी त्यांच्या शेतातली, तरी माझी सभा झाली म्हणजे खर्च माझ्या खात्यात. मी ताटं मोजून रात्रीच पांढऱ्या पानावर लिहिलं. निवडणूक यंत्रणा स्वतःचीही एक छाया नोंदवही ठेवते आणि तपासणीला दोन्ही शेजारी ठेवतात. माझ्या वहीत ताटांची तीच संख्या होती. तपासणाऱ्या साहेबांनी पान उलटलं आणि पुढे गेले. प्रयोगाची वही लिहायची सवय इतकी कामाला येईल, असं वाटलं नव्हतं.

सभांत मात्र प्रयोगशाळेची भाषा चालत नाही. "उपशाच्या तुलनेत पुनर्भरण" म्हटलं की माणसं कट्ट्यावरून उठतात. मग मी प्रत्येक गावात तिथल्याच एका विहिरीवर उभं राहून बोलायला लागले: दहा वर्षांपूर्वी पाणी किती हातांवर होतं, आज किती. आकडे लोकच सांगायचे, मी लिहून घ्यायचे.

मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. मी हरले. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत, त्यामुळे अनामतही जप्त झाली. वाईट वाटलं, विशेषतः प्रस्तावकांकडे जाताना. पण हरलेल्यालाही ३० दिवसांत अंतिम हिशेब द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षांसाठी अपात्र ठरण्याची पाळी येते. पावत्या, बँकेचा उतारा, शपथपत्र, वही असा सगळा गठ्ठा देऊन पोच घेतली.

त्या विहिरींच्या नोंदी गावनिहाय तक्त्यात बसवल्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी निवडून आलेल्या आमदारांच्या कार्यालयात देऊन आले. त्यांच्या स्वीय सहाय्यकांनी दोन गावांचे आकडे तिथेच विचारले, मी सांगितले. पंपदुरुस्तीवाले काका अजूनही दर महिन्याला त्यांच्याकडच्या विहिरींची पातळी फोनवर कळवतात आणि मी ती तक्त्यात भरते.