मुलांच्या कपाटात राजकारण कुठंय?

पुस्तकांच्या दुकानात जाऊन म्हणा, सातवी-आठवीच्या मुलांसाठी समाजसेवेवरचं काहीतरी द्या, लगेच समोर थप्पी येते. आणि म्हणा राजकारणावरचं द्या, की दुकानदार आधी तुमच्याकडे नीट बघतो, मग एखादं शिवचरित्र काढून देतो, फार तर टिळक, नेहरू, सुभाषबाबू यांची ती साठ-सत्तर पानी चरित्रं. म्हणजे राजकारण जे वारले त्यांनी करायचं आणि सेवा आपण करायची, असं काहीतरी ठरल्यासारखं झालंय आपल्याकडे. मला हे आधीपासूनच पटत नव्हतं, आणि नवी मुंबईत आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत रविवारी सकाळी मुलांना जमवून पुस्तकं वाचायला लागल्यापासून तर अजिबातच पटेनासं झालंय.

आता शाळांमध्ये व्हॉलंटियरिंग हा प्रोजेक्टचा भाग आहे. तास भरायचे, फोटो लावायचे, सर्टिफिकेट घ्यायचं. वाईट आहे असं नाही म्हणत, मोबाइलवर पडून राहण्यापेक्षा बरंच की. आमची पोरं खाडीकिनारी साफसफाईला गेली होती, हातात मोजे, डोक्यावर टोपी, खारफुटीच्या मुळांमध्ये अडकलेलं थर्माकोल, एकेकटी चप्पल, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या असं काय काय ओढून काढलं. ढीग झाला, फोटो झाला, आणि मग एकीने विचारलं, "काकू, भरती आली की हे सगळं परत येणारच ना?" येणारच. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, तरी येणारच. मग येतं कुठून, नाल्यातून येत असेल तर नाल्याला जाळी कोणी लावायची, कोणाकडे तक्रार करायची, त्याने नाही ऐकलं तर पुढे काय. इथून पुढे राजकारण सुरू होतं, आणि मुलांची पुस्तकं नेमकी इथेच संपतात. "चला, निसर्ग वाचवूया" आणि खाली हसणारा सूर्य.

पण याला अपवाद सापडतात, आणि गंमत म्हणजे घरातच सापडतात. 'श्यामची आई' घ्या. आपण ते पुस्तक रडायला ठेवलंय. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईच्या मोळीचा प्रसंग आहे, अशक्त बाई, मोळी खाली पडलेली, कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. आम्ही हे मोठ्याने वाचत होतो तर सहावीतला एक मुलगा मध्येच थांबवून म्हणाला, "मग आंघोळ कशाला?" सगळे गप्प. मग दुसरी म्हणाली त्या काळात तसंच होतं, तर हा म्हणे, "पण आई चांगली आहे ना?" पुढचा अर्धा तास पुस्तक बाजूलाच राहिलं. आई चांगली आहेच, त्या काळात तेवढं करायलाही छाती लागायची, पण मोळी उचलणं ही एक गोष्ट आणि आंघोळ करायला लावणारी रीतच मोडणं ही दुसरी. आणि ज्या माणसाने 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून हे लिहिलं (तुरुंगात का होते तेही मुलांना सांगावं लागतं, कोणालाच माहीत नव्हतं), त्याच साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. मोळी ते मंदिर. सेवा आणि राजकारण यातला फरक मला यापेक्षा सोपा करून कोणत्याच पुस्तकाने सांगितलेला नाही, आणि गंमत बघा, त्यातला दुसरा अर्धा भाग पुस्तकात नाहीच, तो आपण जोडायचा.

त्याच्या पाठोपाठ आम्ही बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला पहिला प्रसंग वाचला, मी बसल्या बसल्या मराठीत सांगत गेले. 1901 सालची गोष्ट, नऊ-दहा वर्षांचा मुलगा, भाऊ आणि बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांकडे चाललाय, नवे कपडे घालून, पहिल्यांदाच आगगाडीत बसून. मसूर स्टेशनवर उतरल्यावर घ्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशन मास्तर आधी प्रेमाने चौकशी करतो आणि जात कळल्यावर चेहरा पालटून आपल्या खोलीत निघून जातो. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी बैलगाडीवाले तयार नाहीत, शेवटी एक जण तयार होतो ते असं की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालत येणार. रात्रभर जवळ डबा भरून जेवण आहे पण पाणी मिळत नाही म्हणून उपाशी. हे सांगताना मला काही म्हणजे काही समजावावं लागलं नाही. "समता" हा शब्दसुद्धा कोणी काढला नाही. पोरं फक्त विचारत होती की मग पाणी मिळालं का, कधी मिळालं, त्या स्टेशन मास्तरला कोणी काही बोललं का. मुलांच्या वयाचाच मुलगा गोष्टीत असला की असं होतं, बाकीची सगळी चरित्रं "त्यांचा जन्म अमुक साली एका गरीब कुटुंबात झाला" इथून सुरू होतात आणि पोरं दुसऱ्या पानावर जांभया देतात.

डॉ. प्रकाश आमट्यांचं 'प्रकाशवाटा' मोठ्या मुलांना द्यायला हरकत नाही, नववी-दहावीच्या. लहानांना दिलं तर ती बिबट्याची पानं तेवढी वाचतात, आमच्याकडे तेच झालं. पण नीट वाचलं तर त्यात दिसतं की 1973 ला हेमलकसाला दवाखान्याचं काम सुरू झालं आणि 1976 ला शाळा काढावी लागली, म्हणजे नुसतं औषध देऊन भागत नाही हे काम करता करताच कळत जातं. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी लीला सेठ यांचं 'वी, द चिल्ड्रन ऑफ इंडिया' आहे, संविधानाच्या प्रास्ताविकेवर, चित्रांचं. लेखिका हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ती होणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई, पण लिहिलंय आजीने नातवंडांना सांगावं तसं. मराठीत असं चित्रमय, कमी शब्दांचं अजून कितीतरी यायला हवं.

ठाण्याच्या तीन हात नाक्यावरची सिग्नल शाळा बऱ्याच जणांना माहीत असेल, पुलाखाली कंटेनरमध्ये 2016 ला सुरू झालेली, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी, एक संस्था आणि महापालिका यांनी मिळून चालवलेली. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण सांगताना मी नेहमी शिक्षणहक्क कायदा पण सांगते, 2010 पासून 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे, मग ही मुलं पुलाखाली राहिली कशी. काही पालकांना हे आवडत नाही. एका बाबांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की मॅडम मुलांना पॉझिटिव्ह गोष्टी सांगा, राजकारण नको. मी म्हटलं दादा, शाळा मिळणं याहून पॉझिटिव्ह काय असतं. त्यावर हात जोडलेला इमोजी आला.

आणि राजकारण नको म्हणून ते यायचं थांबतंय थोडंच. आमच्या ग्रुपमधल्या पोरांची अख्खी शाळा नगरसेवकाशिवाय गेली म्हणा ना, नवी मुंबईत 2015 ला निवडून आलेल्यांची मुदत 2020 मध्ये संपली आणि मग नुसतं प्रशासक, प्रशासक. नागरिकशास्त्रात महापौर, स्थायी समिती पाठ करायची आणि बाहेर ते काहीच नाही. मग 15 जानेवारी 2026 ला एकदाचं मतदान लागलं, एका प्रभागात चार-चार जागा, एकाच माणसाने चार मतं द्यायची, घरातले मोठेच गोंधळलेले. त्या दिवसांत पुस्तक वगैरे ठेवून दिलं आणि मुलांना सांगितलं, दाराखालून जेवढी पत्रकं येतात तेवढी घेऊन या. सगळ्या पक्षांची. टेबलावर पसरली, पेन्सिली दिल्या. पत्रकातल्या आश्वासनांवर खूण करायची, हे काम पालिकेचं, हे राज्याचं, हे सिडकोचं (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), हे कोणाचंच नाही. पाणी पालिकेचं, मोरबे धरण तिचं स्वतःचंच आहे. बेलापूर-पेंधर मेट्रो सिडकोची. पोलीस राज्याचे. एका पत्रकात लोकल वाढवू असंही होतं, त्यावर पोरं हसून हसून लोळली, ते तर रेल्वेचं. आणि "कार्यसम्राट" कितीदा आलंय ते मोजायला एक जण स्वतःहून बसला. कोणाला मत द्या असं एक अक्षर मी बोलले नाही, पण आई-बाबांना त्या आठवड्यात घरी बरेच प्रश्न झेलावे लागले असं नंतर कळलं.

खरी चिडचिड मात्र वेगळ्याच गोष्टीची आहे. आपण ज्या जमिनीवर राहतो तिच्या राजकारणावर मुलांनी वाचावं असं एक पुस्तक माझ्या हाताला लागत नाही. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून मोर्चे निघाले, पोरांनी ते बघितले, आणि हे दि. बा. कोण असं विचारलं. 1984 च्या जानेवारीत उरणजवळच्या जासई परिसरात त्यांच्याच नेतृत्वाखाली शेतकरी नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आले, 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्यातूनच घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के विकसित करून परत द्यायची मागणी मान्य झाली. आमच्या इथल्या अर्ध्या बिल्डिंगा साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या आहेत, ब्रोकर रोज तो शब्द वापरतात, आणि तिथे वाढणाऱ्या मुलाला तो कुठून आला ते माहीत नाही. माथाड्यांचं, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचं, तेच. ग्रुपमधल्या एकाचे आजोबा माथाडी होते, आधी मशीद बंदरला, मग एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात. ते एका रविवारी येऊन बसले, अण्णासाहेब पाटलांच्या सभा, 1969 चा माथाडी कायदा, त्याआधी हमालाला पगार किती आणि कोणाच्या मर्जीने मिळायचा, सगळं सांगितलं, आणि पाठीला गोणीने पडलेला घट्टा दाखवला. नातू सुद्धा पहिल्यांदा बघत होता. हे सगळं फक्त त्यांच्या तोंडात आहे, छापलेलं जे आहे ते मोठ्यांसाठी, गौरव अंकांमध्ये, बारीक टायपात.

तर जासईला ज्यांच्या घरातलं कोणी होतं, किंवा माथाडीत ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना गाठून कोणीतरी लिहा हो. चाळीस पानं पुरे. मोठा टाइप, चित्रं, आणि गोष्टीत एक दहा-बारा वर्षांचं पोर असू द्या. नेत्याचं कौतुक कमी केलंत तरी चालेल. आणि किंमत दीडशेच्या आत ठेवा, कारण आमची पोरं पुस्तकं एनएमएमटीच्या बसमध्ये विसरून येतात.