आबांचा पेट स्कॅन

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून आबांना पेट स्कॅनसाठी नाशिकला नेले, तेव्हा पहिल्या खेपेस तो झालाच नाही. मानेतली गाठ हॉजकिन लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाची असल्याचे बायोप्सीतून कळले होते आणि आजार कुठवर पसरला आहे, हे स्कॅनवरून ठरायचे होते. फोनवर ‘उपाशीपोटी या’ एवढेच सांगितले गेले. मधुमेह आहे का, हे कोणी विचारले नाही. तिथे बोटातून रक्त घेतले तर साखर २६० निघाली आणि आम्हाला परत पाठवण्यात आले.

कारण मला नंतर समजले. इंजेक्शनातले औषध म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली एक प्रकारची साखरच असते. कर्करोगाच्या पेशी ती भराभर ओढून घेतात म्हणून चित्रात उजळतात. पण रक्तात आधीच साखर वाढलेली असेल, तर गाठ फिकी दिसते. हे औषध साठवूनही ठेवता येत नाही, कारण दर ११० मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो.

दुसऱ्या खेपेस मधुमेहाच्या डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवून घेतल्या. केळीची कापणी सुरू होती, तरी आदल्या दिवशी आबांना घड उचलू दिले नाहीत, कारण दमलेले स्नायूही ही साखर ओढतात. त्यांना ते फार लागले. दिवसभर ते बांधावर बसून मजुरांकडे बघत राहिले.

सिस्टरांनी शिशाच्या पेटीतून जाड धातूच्या आवरणातली सिरिंज काढली. इंजेक्शननंतर तासभर आबा ब्लँकेट पांघरून, कोणाशी न बोलता पडून होते. पुढे चित्रात मेंदू आणि मूत्राशय लखलखताना पाहून माझ्या पोटात गोळा आला, पण ते सगळ्यांचेच तसे दिसते, असे डॉक्टरांनी सांगितले. आजार मान आणि छातीतच होता. त्या रात्री आबा नातीपासून दूर, ओसरीवर झोपले.

दोन केमोंनंतरच्या स्कॅनमध्ये पाचपैकी दोन गुण आले. या मोजणीत कमी गुण चांगले. त्यामुळे पुढच्या चार केमोंमधून फुप्फुसांना अपाय करू शकणारे ब्लिओमायसिन हे औषध डॉक्टरांनी वगळले.