कोरडं कसं वाढू?

पुण्यात उतरून पुरते अठरा तासही झाले नव्हते. आईने भाताची मूद पाडली, वर पिवळंधमक वरण घातलं आणि तुपाचा चमचा उचलला. मी म्हटलं, "आई, तूप नको." चमचा तसाच हवेत राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तुपाकडे, मग बाबांकडे. बाबांनी पेपर जरासा खाली केला.

"अगं, घरचं कढवलेलं आहे," आई म्हणाली. तुपाला नको म्हणण्याचं दुसरं काही कारण असू शकतं हे तिच्या गावीही नव्हतं.

दीड वर्षापूर्वी फोनवर मी तिला सगळं नीट सांगितलं होतं. दूध, दही, तूप, लोणी, पनीर, अंडं, मध, यातलं काही मी आता खात नाही. तेव्हा ती "बरं बरं" म्हणाली होती. पण फोनवर "बरं" म्हणायला काय जातं? ताट समोर आल्यावरच खरं काय ते कळतं.

सात वर्षं झाली मला जर्मनीतल्या श्टुटगार्टला. पुण्यातले मोटारींच्या कंपन्यांमधले निम्मे इंजिनियर कधी ना कधी ज्या गावाला जाऊन येतात, तेच हे. व्हीगन झाले त्यामागे मोठं तत्त्वज्ञान वगैरे नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या भावाचा दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयमध्ये गोठा आहे, तिथे एका रविवारी गेलो होतो. हिरव्यागार टेकड्या, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, अगदी चॉकलेटच्या वेष्टनावरचं चित्र. गोठ्यामागे पांढऱ्या प्लास्टिकच्या घुमट्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येक घुमटीत एकटं वासरू. आईपासून दोन-तीन दिवसांतच वेगळं केलेलं. एकाने माझी बोटं चोखायला घेतली. घरी येऊन चहा केला, दूध घातलं आणि तो प्यायला गेला नाही. बाबांचं म्हणणं, "आपल्याकडे असं नसतं, आपण वसुबारस करणारी माणसं." त्यावर आमचा दोनदा वाद झाला, तिसऱ्यांदा आम्ही दोघांनीही तो टाळला. असो.

जर्मनीत व्हीगन होणं म्हणजे वाचायला शिकणं. युरोपात 14 ॲलर्जीकारक घटक पाकिटावर उठून दिसतील असे छापावे लागतात, दूध आणि अंडं त्यात आलंच. त्यामुळे घटकांच्या यादीत 'मिल्श' हा ठळक शब्द शोधायचा, दिसला की पाकीट जागच्या जागी ठेवायचं. ओटच्या दुधाला मात्र दूध म्हणायची सोय नाही. युरोपीय न्यायालयाने 2017 मध्ये निकाल दिला की दूध हा शब्द फक्त जनावराच्या दुधालाच. म्हणून खोक्यावर 'हाफरड्रिंक', म्हणजे ओटचं पेय. आणि कर? गाईच्या दुधावर 7 टक्के, ओटच्या पेयावर 19. पाणी घातलेलं धान्य ही तिथल्या सरकारच्या लेखी चैन आहे.

श्टुटगार्टचं रोजचं जेवण श्वाबियन, त्या भागातलं, म्हणजे अंडं आणि चीज. श्पेट्झ्ले नावाचे आखूड, वेडेवाकडे शेवयांचे तुकडे असतात, त्यात अंडं हवंच. व्हीगन पाककृतीत अंड्याऐवजी रवा आणि सोडावॉटर घालतात, आणि अंड्याचा पिवळा रंग यावा म्हणून चिमूटभर हळद! पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच हसले. गंमत म्हणजे हे लोक श्पेट्झ्लेबरोबर मसूर खातात. जवळच्या आल्बच्या डोंगरात पिकणारे मसूर, शिजवून वर व्हिनेगर. सॉसेज बाजूला काढलं की उरते ती आपली आंबट आमटीच. फोडणी तेवढी नाही.

तिथे कामावरच्या दिवसांचं माझं जेवण साधं होतं: सकाळी राईचा पाव आणि शेंगदाण्याचं लोणी, दुपारी कँटीनमध्ये जे 'व्हीगान' लिहिलेलं असेल ते, रात्री कुकर. चहाला तीन महिने गेले. सोयाचं दूध आल्याच्या चहात फुटायचं. ओटचं फुटत नाही, पण आपल्या सवयीने खळखळून उकळलं की पेजेसारखं दाट, चिकट होतं. शेवटी जमलं ते असं: पाणी, चहा, आलं, साखर नेहमीपेक्षा कडक उकळायचं, गॅस बंद करायचा आणि कॉफीसाठी मिळतं ते 'बरिस्ता'वालं ओटचं दूध गरम करून वरून घालायचं. अमृततुल्यशी तुलना करू नका, म्हणजे बरा लागतो.

हे सगळं शहाणपण घेऊन पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथे ते फारसं उपयोगाचं नाही. इथलं जेवण पाकिटातून येतच नाही. ते कुणाच्या तरी हातातून येतं. पाकिटाला नाही म्हणताना कुणाचं तोंड उतरत नाही.

तेवढ्यात आत्या आली. "मग खातेस तरी काय तू?" हा प्रश्न मला सात समुद्रांपलीकडे कुणी विचारला नव्हता, कारण तिथे उत्तर खोक्यावर छापलेलं असतं. मी आत्याला म्हटलं, तूच सांग, काल दिवसभरात तू काय खाल्लंस? कांदेपोहे. मग पोळी, मटकीची उसळ, लसणाची चटणी. रात्री पिठलं-भाकरी, खर्डा. त्यात दूध कुठे आहे? आत्या म्हणाली, "चहा झाला ना चार वेळा. आणि पोळीला तूप लावलं होतं. आणि ताक." म्हणजे जेवण तिचंही व्हीगनच होतं, वरून लावलेलं तेवढं नव्हतं. भरली वांगी, अळूचं फदफदं, कारळ्याची चटणी, झुणका, डाळिंब्यांची उसळ, कटाची आमटी यांना कुणी कधी व्हीगन म्हटलं नाही, म्हणायची गरजही पडली नाही. पण यातलं एकही 'कोरडं' वाढायची आपली रीत नाही. थालीपिठावर लोणी, मोदकावर तूप, मिसळीशेजारी दह्याची वाटी.

आजीला मात्र पाच मिनिटांत कळलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, 'चालतं' आणि 'चालत नाही' यात तिचा जन्म गेला. "म्हणजे उलटा उपास," ती म्हणाली. "दाणे चालतात, साबुदाणा चालतो, पण दूध-तूप चालत नाही. आणि कांदा-लसूण चालतो." आईला म्हणाली, "अगं, खिचडी तेलात कर हिची." मी तिला श्टुटगार्टच्या माउलटाशेनची गोष्ट सांगितली. ईस्टरच्या आधीच्या लेंटच्या उपासात मांस चालत नाही, म्हणून म्हणे तिथल्या मठातल्या साधूंनी ते कणकेच्या घडीत पालकाखाली लपवून खाल्लं. गावठी बोलीत त्या पदार्थाला 'देवाला फसवणारे' असंच नाव आहे. आजी खूश. "आपली एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ती काय वेगळी आहे?"

बाहेर खाण्याचं म्हणाल तर तीन-चार गोष्टी अनुभवाने कळल्या. हॉटेलात "व्हीगन" म्हटलं की वेटर विचारतो, "जैन का?" मग कांदा-बटाट्याशिवाय काहीतरी येतं, त्यावर भरपूर बटर. "दुधाची ॲलर्जी आहे" म्हटलं की क्षणात कळतं, वेटर आत जाऊन विचारूनही येतो. खोटं आहे, पण मी बोलते. डोसा "तेलावर, बटर नको" असा स्पष्ट सांगायचा. साबुदाणा खिचडी बाहेर बहुतेक तुपातलीच, सोडून द्यायची. मिसळ म्हणजे माझं माहेर: मटकी, कट, फरसाण, वर कांदा-लिंबू, दही परत पाठवलं की झालं. पावाचं आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, मैदा, यीस्ट, मीठ, साखर, तेल. दूध घालून या भावात परवडेल का?" इतकं स्वच्छ उत्तर मला जर्मनीत एकाही पाकिटाने दिलेलं नाही. मस्तानीच्या दुकानासमोरून मात्र मान खाली घालून जाते.

आणि चहा. टपरीवर "कोरा चहा" मागितला की "पोट बिघडलंय का ताई?" असं तीनदा ऐकलं. एकाने तर न मागता लिंबू पिळून दिलं आणि पैसे कमी घेतले.

पाकीटबंद वस्तू घेताना हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो शाकाहाराचा, दूध आणि मध त्याच्या पोटात बसतात. व्हीगनसाठी 2022 पासून सरकारी नियम वेगळे आहेत, हिरव्या 'व्ही'ची वेगळी खूणही आहे, पण आमच्या वाण्याकडे ती अजून दिसली नाही. त्यापेक्षा घटकांच्या खाली ॲलर्जीची ओळ बघा, दूध असेल तर तिथे लिहिलेलं असतं. साध्या ग्लुकोज बिस्किटापासून मसाला चिप्सपर्यंत कुठे कुठे दूध पावडर शिरली आहे ते पाहून आईच चक्रावली. आता ती चष्मा लावून माझ्याआधी वाचते.

दह्यावर आम्ही दोघींनी खरी मेहनत घेतली, कारण कोशिंबिरीशिवाय जेवण तिला पानात भोक पडल्यासारखं वाटतं. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवले, सालं चोळून काढली, तीन वाट्या पाणी घालून मिक्सरमध्ये गंधासारखं वाटलं आणि पंचातून गाळलं. ते दूध दहा मिनिटं सतत ढवळत उकळलं, नाहीतर बुडाला लागतं. कोमट झाल्यावर विरजण म्हणून त्यात सात-आठ हिरव्या मिरच्या देठांसकट बुडवल्या. दूध आंबवणारे जंतू देठांवर असतात. डिसेंबरची थंडी, म्हणून भांडं कॅसरोलमध्ये, त्यावर आजीची जुनी शाल. सकाळी उघडलं तर वर चोथा, खाली पाणी आणि कच्च्या दाण्यांचा वास. बाबा वाकून म्हणाले, "हे पोस्टर चिकटवायला चांगलं आहे." आईला ते लागलं. तिने तेच चमचाभर विरजण म्हणून नव्या दुधाला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी कवडी नसली तरी चमच्याने कापलं जाईल असं दही लागलं. काकडीच्या कोशिंबिरीत ते कळतही नाही, तिथे दाण्याचं कूट असतंच की. उरलेला चोथा थालीपिठात गेला. ताकाच्या नादी मात्र लागू नका. आम्ही लागलो होतो.

मधल्या काळात आईच्या समाधानासाठी रक्त तपासून आले. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही, त्यामुळे त्याची गोळी मी पहिल्या दिवसापासून घेते, ती कुणीही टाळू नये. आईचंही सहज तपासलं. माझं चारशेच्या वर, आईचं दोनशेच्या आत. जन्मभर दूध-तूप खाणारी ती, आणि गोळ्या सुरू झाल्या तिच्या. बाबा दोन दिवस कुणाशीच वाद घालत नव्हते.

13 जानेवारीला भोगी होती. न खाई भोगी तो सदा रोगी, म्हणून आजी स्वतः ओट्यापाशी उभी राहिली. आदल्या दिवशी मंडईतून पावटे, सोलाणे, घेवडा, गाजरं, वांगी, ओल्या शेंगा आणि मूठभर बोरं आणली होती. भाजीत तिळाचं कूट, तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, मुगाची खिचडी. अख्ख्या स्वयंपाकात माझ्यासाठी काही बदलावं लागलं नाही. फक्त बाकीच्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा होता.

आजी माझ्या पानापाशी आली आणि थांबली. "असं कोरडं कसं वाढू गं?" मी म्हटलं, राहू दे ना. ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. घाण्याच्या शेंगदाणा तेलाची बाटली आणि पळी घेऊन आली. भाकरीवर तिळाची चटणी घातली, तिला बोटाने आळं केलं आणि त्यात कच्च्या तेलाची धार सोडली. मग खिचडीवरही, जरा जास्तच. तेल ओघळून भाजीत गेलं. "हं," म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे वळली.

परवा पहाटेची फ्लाइट आहे. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तरी आजवर दरवेळी माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत तुपाची बरणी निघायची आणि फ्रँकफर्टला माझ्या पोटात गोळा यायचा. यंदा पहिल्यांदाच माझी बॅग कायदेशीर आहे: भाजणी, काळा मसाला, तीन चटण्या, मेतकूट. आई आत्ता दारात उभी राहून विचारतेय, मिरचीची नुसती देठं नेली तर चालतील का.